छपराचे वासे : मापावे कसे, कापावे कसे

गेल्या फाल्गुनांत आमच्या भाताच्या कोठाराचें छप्पर उतरवून नवें घालण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें. हें कोठार कल्याण तालुक्यांत, खडवलीच्या पलीकडे भातसा नदीच्या अंगास आहे. त्याचे जुने वासे वळचणीकडून कुजलेले व मधून मधून वाळवीनें पोखरलेले होते. नवें सागाचें लांकूड मिळविण्यास आम्हांस दोन महिने खटपट करावी लागली. सुतार तरुण, हाताचा चलाख व कामास प्रामाणिक होता. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत त्यानें दहा वासे कापून, त्यांस खांचा पाडून रचून ठेविले. तिसऱ्या प्रहरीं त्यांतील समोरासमोरची एक जोडी वर चढविली, तेव्हां आढ्यावर दोहोंच्या टोंकांमध्यें चार इंचांची फट राहिली. आढें पांच इंच रुंदीचें. त्यावर प्रत्येक वासा जेमतेम अर्धा इंच टेंकत होता. खिळे ठोकून काम पुढें रेटतां आलें असतें, व कौलें चढल्यावर ती फट कोणास दिसलीहि नसती. परंतु अर्ध्या इंचावर टेंकलेला वासा पहिल्या मोठ्या वाऱ्यांत जागा सोडतो, आणि त्याच्या खालीं वर्षाचें भात असतें.

आम्हीं काम थांबविलें. चूक कोठें झाली हें शोधण्यांत तो दिवस गेला, व दुसरे दिवशीं गांवांतील एका वृद्ध सुतारांस बोलावून आणावें लागलें. त्यांस सर्व गांव आबा म्हणतें. वयामुळें त्यांनीं करवत हातीं धरणें सोडलें आहे, पण डोळा व हिशेब अजून शाबूत आहे. त्यांच्याकडून जें शिकलों, त्यांत आमच्या पुस्तकी त्रैराशिकाची भर घालून आम्ही पुढील मजकूर देत आहों. आमच्या संघाच्या पुष्कळ सभासदांचीं घरें, गोठे व कोठारें अजून कौलारू आहेत, आणि वाशांचा हिशेब जाणणारे सुतार कल्याण, अंबरनाथ, मुरबाड या बाजूस आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. डोंबिवलीच्या आसपासच्या गांवांत तर सुतार म्हणजे प्लायवुडचीं कपाटें करणारा, असाच अर्थ झाला आहे. तेव्हां धन्यास स्वतः चार गोष्टी समजत असल्या तर लांकूड वांचतें.

छपरास चढ किती द्यावा, हा पहिला प्रश्न. ठाणें जिल्ह्यांत सालीना सुमारें १०० इंच, म्हणजे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळ जवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, व त्याच वेळीं उल्हास नदीचें पाणी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरलें. अशा मुलखांत पाणी कौलावर रेंगाळूं देणारें छप्पर उपयोगाचें नाहीं. फार उभें केलें तर लांकूड, रिपा व कौलें तिन्ही अधिक लागतात, आणि वारा अंगावर घेण्यास पाखें मोठें होतें. मंगळोरी कौलांस दर फुटास सहा इंचांहून कमी चढ देऊं नये. आमच्याकडे सात इंच बरा. जुन्या नळीच्या कौलांस, जीं गांवचा कुंभार घडवीत असे, त्याहूनहि अधिक चढ देत, कारण तीं एकमेकांत अडकत नसत व माकडांच्या आणि वाऱ्याच्या कृपेनें दर वर्षीं शाकारावीं लागत. बासेल मिशननें मंगळूर येथें १८६५ मध्यें कौलांचा कारखाना काढला, तेथून हीं सपाट, खांचेचीं कौलें गलबतांनीं सर्व किनाऱ्यास आलीं व कोंकणच्या छपरांचें रूप पालटलें. रीप बरोबर अंतरावर नसली तर मंगळोरी कौल बसतच नाहीं. म्हणून वाशांच्या कामांत जी ढिलाई नळीच्या कौलांखालीं खपत होती, ती येथें खपत नाहीं.

आतां शब्दांविषयीं थोडें, कारण गांवोगांव ते बदलतात. खांबांच्या किंवा भिंतीच्या माथ्यावरून लांबीच्या दिशेनें गेलेल्या तुळईस आम्ही येथें लग म्हणतों. छपराच्या शेंड्याचें आडवें लांकूड तें आढें. तें मधल्या उंच खांबांवर, म्हणजे मेढींवर, टेंकतें. आढ्यापासून लगेवर उतरून पुढें वळचणीपर्यंत जातो तो वासा. वाशांवर आडव्या रिपा व रिपांवर कौलें. आढ्याच्या एका बाजूचा उतार तें पाखें. दोन पाख्यांचें घर तें दुपाखी, चारी बाजूंस उतार असलेलें तें चौपाखी.

घराची अर्धी रुंदी, लगेपासून आढ्यापर्यंतची उंची, आणि वासा, या तिहींचा काटकोन त्रिकोण होतो. ज्यांनीं शाळेंत भूमिति शिकली त्यांस कर्णाचा नियम ठाऊक आहेच. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या आपल्या 'लीलावती'त भुज, कोटि व कर्ण यांचें गणित सांगितलें आहे, व त्यांच्या नातवानें त्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत पाटण येथें आहे. आबांनीं 'लीलावती'चें नांव ऐकलेलें नाहीं. परंतु काटकोन पाहावयाचा झाला म्हणजे एका बाजूस सहा, दुसऱ्या बाजूस आठ फुटांवर खूण करून तिरपें दहा भरतें कीं नाहीं, हें ते कोणाच्याहि आधीं पाहतात.

आमच्या कोठाराची रुंदी लगेच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या लगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत १८ फूट, आणि लांबी ३० फूट. हें माप घेतांना पहिली अडचण आली. सर्वसाधारणपणें लोक एकाच ठिकाणीं रुंदी मोजतात. जुनी इमारत कधींहि सर्वत्र सारखी नसते. मातींत बांधलेली भिंत फुगते, खांब कलतो, पावसाच्या बाजूची लग वांकते. आम्हीं दोन्ही टोंकांस व मध्यें अशी तीन ठिकाणीं रुंदी घेतली. मध्यें ती एक इंच अधिक निघाली. नंतर दोन्ही कर्ण मोजले. १८ व ३० फुटांच्या चौकटीचा कर्ण ३४ फूट पावणेबारा इंचांहून किंचित अधिक भरला पाहिजे, व दोन्ही कर्ण सारखे असले पाहिजेत. आमच्या कर्णांत तीन इंचांचा फरक होता. एका कोंपऱ्याचा खांब कलला होता तो ओळंब्यांत आणून, मधल्या फुगवट्याजवळ दोन्ही लगींस जोडणारें आडवें लांकूड घालून व पाचरी मारून हा फरक काढला. वासे मापण्यापूर्वीं हें करावें लागतें. आधीं वासे कापून मग इमारत सरळ करूं म्हटलें तर प्रत्येक वाशाचें माप वेगळें होऊन बसतें.

तें आडवें जोडलांकूड केवळ कर्ण साधण्यापुरतें नाहीं. वासे दोन्ही बाजूंनीं लगेस बाहेर रेटीत असतात. मेढी भक्कम असून आढें खालीं बसत नसेल तर हा रेटा थोडा असतो. मेढ बसली, कुजली, किंवा जागा मोकळी व्हावी म्हणून कोणी काढून टाकली, कीं सर्व भार रेट्यांत जातो व भिंती बाहेर पडूं लागतात. गांवांतील पुष्कळ घरांच्या भिंती ज्यास लोक पावसानें फुगल्या म्हणतात, त्या खरोखर छपरानें ढकललेल्या असतात, असें आमचें मत झालें आहे. जेथें मेढी नको असतील तेथें लांकडाची किंवा लोखंडाची कैची घालावी. नुसते वासे समोरासमोर टेंकवून राहूं नये.

आतां हिशेब. रुंदी १८ फूट, तिचें अर्ध ९ फूट. दर फुटास ७ इंच चढ, म्हणून उंची ९ गुणिलें ७ म्हणजे ६३ इंच, अर्थात् ५ फूट ३ इंच. एका फुटाच्या आडव्या अंतरास वाशाची तिरपी लांबी किती? १२ चा वर्ग १४४ आणि ७ चा वर्ग ४९, मिळून १९३. त्याचें वर्गमूळ १३.८९ इंच. हा एक आंकडा काढला कीं बाकी सर्व गुणाकार. ९ फुटांस १२५ इंच, म्हणजे १० फूट ५ इंच. वळचण भिंतीबाहेर आडवी दोन फूट ठेवावयाची, तिचे पावणेअठ्ठावीस इंच, म्हणजे २ फूट ३¾ इंच. एकूण वासा १२ फूट ८¾ इंच. बाजारांतून लांकूड आणतांना १३ फुटांचे नग मागावे. टोंकें फाटलेलीं असतात तीं छाटण्यास तीन-चार इंच हवेतच. सहा इंच चढ असेल तर हाच आंकडा १३.४२, आठ इंच असेल तर १४.४२, आणि नऊ इंचांस बरोबर १५ येतो. ज्यांस अपूर्णांकांचा कंटाळा आहे त्यांनीं नऊ इंच चढ घ्यावा, असें आबा थट्टेनें म्हणाले. पण मग कौलें अधिक लागतात.

जुने सुतार फूट-इंचांऐवजीं गज व तसू यांनीं मोजीत. एका गजास चोवीस तसू. हा गज सर्वत्र एका लांबीचा नव्हता, तथापि एका इमारतीस एकच गज वापरल्यामुळें कांहीं बिघडत नसे. आज बिघडतें तें निराळ्याच कारणानें. धनी फुटांत बोलतो, लोखंडाचा दुकानदार मिलिमीटरांत, आणि सुताराच्या फितीचें पुढचें पितळी टोंक सैल झालेलें असतें. एका कामावर एकच फीत ठेवावी व सर्व मापें तीवरूनच घ्यावीं. आमच्या कोठारावर दोन फिती होत्या, त्यांत अठरा फुटांस पाव इंचाचा फरक निघाला.

हिशेब कागदावर झाला तरी त्यावर विसंबून करवत लावूं नये. येथें आबांची रीत आम्हांस सर्वांत पसंत पडली. फाल्गुनांत मळणी आटोपून खळें मोकळें झालेलें असतें. सारवून घट्ट व सपाट झालेल्या खळ्यासारखी आंखणीची जागा मोठ्या कारखान्यांतहि मिळणार नाहीं. आबांनीं खळ्यावर गेरूंत बुडविलेलें सूत मारून १८ फुटांची एक रेघ आंखली. तिच्या मध्यबिंदूवर सहा-आठ-दहाच्या रीतीनें काटकोन साधून ५ फूट ३ इंचांची उभी रेघ काढली. दोन्ही टोंकांपासून त्या शेंड्याकडे सूत मारलें, व फीत लावून पाहिली. दहा फूट पांच इंच भरले. आमचा हिशेब व त्यांचें सूत यांत दोऱ्याच्या जाडीएवढाहि फरक निघाला नाहीं, तेव्हां त्यांनीं आमच्याकडे पाहून मान हालविली. ती कौतुकाची होती कीं संशयाची, हें आम्हांस समजलें नाहीं. मग त्याच आंखणीवर लगेची व आढ्याची जाडी खऱ्या मापानें काढली, वाशाच्या दोन्ही कडा आंखल्या, आणि पहिला वासा त्यावर आडवा ठेवून खुणा थेट त्यावर उतरून घेतल्या. खांच कोठें, तिरपा काप कोठें, सर्व डोळ्यांसमोर. ज्याला वर्गमूळ काढतां येत नाहीं त्यालाहि या रीतीनें वासा बरोबर कापतां येतो.

आमच्या तरुण सुतारानें लांबी बरोबर काढली होती. चूक झाली ती मोजतांना. आमचे वासे तीन इंच रुंद व चार इंच खोल आहेत. वाशाचें वरचें टोंक ओळंब्यांत उभें कापावें लागतें, म्हणजे समोरचा वासा त्याशीं नीट मिळतो. हा काप वाशाच्या अंगास तिरपा जातो. त्यामुळें वाशाची वरची कड खालच्या कडेपेक्षां पुढें येते. किती पुढें, तर चार इंच खोलीस, फुटास सात इंचांच्या हिशेबानें, चार गुणिलें सात भागिलें बारा, म्हणजे २⅓ इंच. सुतारानें फितीचें एक टोंक खांचेपाशीं खालच्या कडेवर धरलें व दुसरें टोंक आढ्याकडे वरच्या कडेवर नेलें. तेथेंच प्रत्येक वासा २⅓ इंचांनीं आंखूड झाला. आडव्या अंतरांत ते दोन इंच, दोन्ही बाजू मिळून चार इंच. हीच ती फट.

यावर उपाय सोपा आहे. वाशाच्या खालच्या कडेपासून सव्वा इंचावर, तिला समांतर अशी एक रेघ खतकसानें सर्व लांबीभर ओढावी. हिला मापाची रेघ म्हणूं. सर्व मापें याच रेघेवर घ्यावीं. वरच्या किंवा खालच्या कडेवर एकहि घेऊं नये. लगेची बाहेरची कड जेथें येते तो खांचेचा कोपरा या रेघेवर असतो, व आढ्याच्या मध्यावरची उभी रेघहि हिलाच छेदते. दोहोंमधील अंतर १० फूट ५ इंच. दोन्ही ठिकाणच्या खांचा सव्वा इंच खोल ठेवल्या म्हणजे आढ्याचा माथा लगेच्या माथ्याहून बरोबर ५ फूट ३ इंच उंच ठेवावा लागतो. मेढींची उंची त्यावरून ठरते. वाशाच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक खोल खांच कधीं पाडूं नये. कित्येक सुतार वासा घट्ट बसावा म्हणून अर्ध्यापर्यंत खांच घेतात. मग वासा नेमका भिंतीवर मोडतो, व वळचणीचा भाग कौलांसकट लोंबूं लागतो.

खांचेचे दोन काप असतात. एक उभा, जो लगेच्या बाहेरच्या अंगास चिकटतो. दुसरा आडवा, जो लगेच्या माथ्यावर बसतो. हे दोन्ही काप आंखण्यास गुण्या पुरतो. गुण्याच्या एका भुजेवर १२ व दुसरीवर ७ इंच धरून ते दोन्ही आंकडे मापाच्या रेघेवर टेंकविले कीं सातची भुज ओळंब्याची दिशा दाखविते आणि बाराची भुज पाणसळीची. याच स्थितींत गुण्या नऊ वेळां पुढें सरकवीत गेलें तर वाशाची लांबीहि आपोआप निघते. अमेरिकेंतील सुतार लोखंडी गुण्यावर प्रत्येक चढाचे आंकडेच कोरून घेतात. आमच्याकडे गुण्या बहुधा लहान असतो व त्याचा काटकोन पडून पडून बिघडलेला असतो. तो पाहावयाचा असेल तर फळीच्या सरळ कडेवर गुण्या ठेवून एक रेघ काढावी, मग गुण्या उलटून त्याच बिंदूवर दुसरी काढावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

आमच्या कोठारांत वासे आढ्याच्या माथ्यावर चढून मध्यावर समोरासमोर मिळतात. म्हणून लांबींतून कांहीं वजा करावें लागत नाहीं. परंतु कित्येक नव्या कामांत आढें म्हणून उभी फळी घालतात व वासे तिच्या दोन्ही अंगांस टेंकवितात. तेथें फळीच्या निम्म्या जाडीएवढें आडवें अंतर प्रत्येक वाशांतून वजा केलें पाहिजे. फळी तीन इंचांची असेल तर आडवे दीड इंच, तिरप्या लांबींत पावणेदोन इंच. हें विसरलें तर वासे लांब होतात. लांब झालेला वासा कापतां येतो, हें त्यांतल्या त्यांत बरें.

पहिला वासा असा पूर्ण तयार झाला कीं त्याची जोडी करून दोन्ही वर चढवून पाहावे. एका टोंकास, मध्यें, व दुसऱ्या टोंकास. तिन्ही ठिकाणीं खांच लगेवर बसली, उभे काप एकमेकांस मिळाले, म्हणजे त्यांतील एकावर गेरूनें मोठी खूण करून तो साचा म्हणून निराळा ठेवावा. पुढचा प्रत्येक वासा साच्यावरूनच आंखावा. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असें करीत गेल्यास रेघेच्या जाडीएवढी चूक दर वेळीं वाढत जाते, व सोळाव्या वाशास ती अर्ध्या इंचावर जाते. वळचणीकडचें टोंक मात्र आधीं कापूं नये. सर्व वासे बसल्यावर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सूत धरून तीं सर्व एकदम कापावीं. मग लगेंत थोडा बाक राहिला असला तरी वळचण सरळ दिसते. आमच्या सुतारानें साचा चढवून पाहण्यापूर्वींच दहा वाशांस खांचा पाडल्या. खांचा पाडल्या नसत्या तर वासा दोन इंच वर सरकवून, वळचण तेवढी आंखूड करून सर्व भागलें असतें. जुनी खांच असतां तिच्याशेजारीं दुसरी पाडणें म्हणजे भिंतीवरच वासा निम्मा कापणें होय. आबा एवढेंच म्हणाले, "दादा, घाई झाली."

चौपाखी छपराचा कोनवासा, म्हणजे कोंपऱ्यांतून आढ्याकडे तिरपा जाणारा वासा, हें निराळें प्रकरण आहे, व येथें त्याचा केवळ आंकडा देतों. दोन्ही पाख्यांचा चढ सारखा असेल तर साध्या वाशाच्या दर फुटास कोनवाशाची लांबी १८.३६ इंच पडते; आमच्या नऊ फुटांस तो १३ फूट ९¼ इंच होईल, वळचण निराळी. गुण्यावर १२ ऐवजीं १७ धरावे, चढ तोच ७. कोनवाशावर येऊन थांबणारे आंखूड वासे दोन-दोन फुटांवर असल्यास प्रत्येक पुढचा वासा आधीच्याहून २ फूट ३¾ इंचांनीं कमी होतो. ज्यांस चौपाखी करावयाचें आहे त्यांनीं खळ्यावरील आंखणीशिवाय हात घालूं नये.

लांकडाविषयीं. हा मुलूख मूळचा सागाचा. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें कल्याणच्या व्यापारांत तांबें व कापड यांबरोबर लांकडाचा उल्लेख केला आहे, आणि १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं येतांच शिवाजी महाराजांनीं येथील खाडींत गलबतें बांधण्यास आरंभ केला तो जवळच्या रानांच्या बळावरच. आज स्वतःच्या शेतांतील साग तोडावयाचा झाला तरी १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड (विनियमन) अधिनियमाप्रमाणें आधीं परवानगी घ्यावी लागते, व माल रस्त्यानें न्यावयाचा तर वाहतुकीचा परवानाहि लागतो. हे कागद हातीं येईपर्यंत पावसाळा उजाडतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज करावा. साग न मिळाल्यास ऐन, हेद किंवा किंजळ चालतो. ऐन मात्र वजनदार, व वाळतांना फाटणारा. कोणतेंहि लांकूड ओलें असतां वाशास वापरूं नये. बाहेरचा पांढरट भाग वाळवी व भुंगा प्रथम खातात, तो शक्य तितका काढावा, व गाभ्याचेंच लांकूड घ्यावें.

जुन्या घराचें लांकूड मिळत असेल तर तें आम्ही नव्याहून बरें समजतों. कल्याणच्या पेठेंतील व डोंबिवलीकडील गांवांतील जुनीं घरें पाडून इमारती उठत आहेत, आणि त्यांचे शंभर वर्षें वाळलेले सागाचे वासे कित्येक धनी मातीच्या भावानें देऊन टाकतात. आमच्याच नात्यांतील एकानें असे चाळीस वासे विकले व त्याच पैशांत पत्रे आणले. आतां चैत्रांत त्या पत्र्याखालीं गुरें उभीं राहत नाहींत. जुन्या वाशांत मोडलेले खिळे असतात, ते शोधून काढावे, नाहीं तर करवतीचे दांत जातात. जुन्या खांचा असतात, त्या नव्या खांचेजवळ येणार नाहींत अशा बेतानें वासा उलटसुलट फिरवून पाहावा. टोंकें टोकरून पाहावीं.

प्रत्येक वाशास थोडा बाक असतोच. तो डोळ्याशीं धरून पाहावा व फुगीर बाजू वर ठेवूनच मापाची रेघ ओढावी. भार पडला म्हणजे तो सरळ होतो. पोकळ बाजू वर राहिली तर पाखें मध्यें खोलगट होऊन तेथें पाणी झिरपतें. दोन फुटांवर एक याप्रमाणें ३० फुटांस सोळा, दोन्ही पाख्यांस बत्तीस वासे लागले. रिपांचें अंतर पुस्तकांतून घेऊं नये. आपण आणलेलीं बारा कौलें जमिनीवर दोन रिपांवर लावून, एकदा ओढून व एकदा दाबून मोजावें, आणि मधलें माप धरावें. कारखान्या-कारखान्यांच्या कौलांत फरक असतो. वळचणीची पहिली रीप इतरांहून कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीं तर शेवटचें कौल मान टाकतें. शंभर चौरस फुटांस फुटतुटीसह दीडशें कौलें धरावीं. आमच्या दोन्ही पाख्यांस, बाजूंस एक-एक फूट बाहेर धरून, आठशें पंधरा चौरस फूट झाले व सवाबाराशें कौलें मागविलीं.

वाऱ्याचा विचार आमच्या वडिलांच्या पिढीनें फारसा केला नव्हता. कौलांचें वजनच छपरास धरून ठेवील असा भरंवसा होता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यास लागलें, त्या वेळीं रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत छपरेंच्या छपरें उडालीं. वारा वळचणीखालीं शिरून वासा उचलतो. तेव्हां प्रत्येक वासा लगेस, व लग खांबास, लोखंडी पट्टीनें बांधावी. पट्टी वाशाच्या बाजूनें मारावी, खांचेंतून आरपार नव्हे. वळचण दोन फुटांहून अधिक बाहेर काढावयाची असल्यास खालीं तिरका टेकू द्यावा. आमच्या कोठारास बत्तीस वाशांच्या चौसष्ट पट्ट्या लागल्या, कारण दोन्ही अंगांस एकेक मारली.

आंखूड झालेल्या दहा वाशांचें काय केलें, असें वाचक विचारतील. कोठाराच्या पूर्वेस पडवी काढण्याचें आमच्या मनांत होतेंच. तिचा चढ फुटास सहा इंच ठेवला, रुंदी सात फूट, वळचण दीड फूट. त्या हिशेबानें साडेनऊ फुटांचे वासे लागत होते, आणि खराब झालेल्या वाशांच्या खांचेच्या वरचा भाग दहा फुटांचा निघत होता. वरचे काप नव्या चढाप्रमाणें पुन्हां घेतले, कारण सात इंचांचा काप सहा इंचांच्या उतारास चालत नाहीं. मापाची रेघ त्याच तरुण सुतारानें ओढली, साचा आधीं चढवून पाहिला, व मगच बाकीच्या नऊ वाशांस हात लावला. खालचे उरलेले दहा तुकडे सव्वादोन-सव्वादोन फुटांचे होते. त्यांच्या वळचणीस टेकू केल्या, आणि मृगाच्या आधीं चार दिवस कौलें चढलीं.